सोलरच्या गरम पाण्याच्या लाइनसाठी फिटिंग्ज निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न (घरमालक, सातारा)

नमस्कार. आमचे दुमजली घर १९९६ साली बांधलेले आहे आणि तेव्हाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची लाइन आजवर चालत आली. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरामागचा एक एल्बो (वळणाचा जोड) उघडावा लागला, तेव्हा अर्ध्या इंची पाइपात पेन्सिलही शिरेना, इतका गंज आणि बोअरच्या पाण्याचा क्षार आत साचला होता. म्हणून दोन्ही बाथरूम फोडून संपूर्ण लाइन नव्याने करायचे ठरवले आहे. गच्चीवर २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर आहे आणि तिथून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन साधारण १४ मीटर भरते.

आमच्या प्लंबरने सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप सुचवला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. मात्र पाइप एका नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा आणि एल्बो, टी, कपलर, ब्रासच्या फिटिंग्ज वगैरे स्वस्तातल्या, दुसऱ्याच कुठल्या तरी घ्यायच्या, असे त्याचे म्हणणे आहे. भिंतीत गेल्यावर सगळे सारखेच, असे तो सांगतो. त्याने दिलेल्या अंदाजात यामुळे तीन-साडेतीन हजार रुपयांचा फरक पडतो. माझे मन मात्र तयार होत नाही, कारण शेजाऱ्यांच्या नव्या बाथरूमला तीन वर्षांतच ओल आली आणि फरशी काढून पाहिल्यावर गरम नळामागच्या ब्रास एल्बोला, पितळ जिथे प्लास्टिकमध्ये बसवलेले असते तिथे, केसासारखी बारीक चीर गेलेली मी स्वतः पाहिली. पाइप तर जसाच्या तसा होता.

तेव्हा फिटिंगमध्ये खरोखर एवढा फरक असतो का, गरम पाण्यासाठी पीपीआर हा दुसऱ्या प्रकारचा प्लास्टिक पाइप घेणे अधिक चांगले ठरेल का, आणि दुकानात उभे राहून चांगली फिटिंग ओळखायची कशी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (नळकाम करणारा, कोल्हापूर)

साहेब, मी बावीस वर्षे हेच काम करतो आणि आपल्या शंकेत तथ्य आहे. गळती दुरुस्त करायला म्हणून मी आजवर जेवढ्या भिंती फोडल्या, त्यांत सरळ पाइप मधोमध फुटलेला फार थोड्या वेळा सापडला, आणि तोही बहुधा नंतर कुणीतरी ड्रिल मारल्यामुळे. बाकी सगळी गळती सांध्यावर असते, आणि सांध्यांमध्येही जिथे पितळ आणि प्लास्टिक एकत्र येतात, म्हणजे नळ, शॉवर किंवा गीझर जोडण्याच्या जागी, ती सर्वांत जास्त असते. त्यामुळे पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत, फिटिंगमध्ये वाचवू नयेत.

ब्रासची फिटिंग म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. आटे असलेला पितळी भाग साच्यात ठेवून त्याच्याभोवती सीपीव्हीसी ओतलेले असते. पितळाच्या बाहेरच्या बाजूला खाचा आणि खोबणी असतात, त्यांच्यात प्लास्टिक घट्ट अडकून बसते आणि तीच त्याची पकड असते. स्वस्त मालात पितळाचे वजन कमी, खाचा उथळ आणि भोवतालचे प्लास्टिक पातळ असते. भिंतीत बसवताना ती चांगली वाटते, पण पाच-सहा वर्षांनी नळ बदलताना पाना लावला की आतले पितळ जागच्या जागी फिरते, आणि मग फरशी फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुकानात दोन कंपन्यांची एकाच मापाची फिटिंग दोन हातांत घेऊन पाहा. फरक तळहातालाच कळतो.

शेजाऱ्यांच्या एल्बोला चीर का गेली असेल, याचाही मला अंदाज आहे. जीआयच्या कामात आट्यांवर सफेदा लावून सुतळी गुंडाळायची सवय आमच्या सगळ्या जुन्या मंडळींना होती, आणि लोखंडाला ते चालतही होते. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये मात्र सुतळी पाणी पिऊन फुगते आणि फिटिंगला आतून बाहेर रेटत राहते. सफेद्यातले तेल सीपीव्हीसीला मानवत नाही, ते वेगळेच. वरून दीड हाताचा पाना लावून नळ आवळला की चीर त्याच दिवशी सुरू होते, दिसते तेवढी दोन-तीन वर्षांनी. अशा ठिकाणी फक्त टेफ्लॉन टेप वापरावी. साधी पातळ टेप असेल तर आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे द्यावेत, नळ आधी हाताने जाईल तेवढा बसवावा आणि त्यानंतर पान्याने एक, फार तर दोन फेरे आवळावा. नळाचे तोंड सरळ येत नाही म्हणून तिसरा फेरा ओढू नये. नळ सोडवून, टेप बदलून पुन्हा बसवावा.

पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचे का असावेत, त्याचे कारण असे की फिटिंगचे तोंड आत किंचित निमुळते असते. पाइप कोरडाच घालून पाहिला तर तो साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत हाताने जावा आणि मग अडावा. सोल्यूशन लावल्यावर दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात आणि पाइप तळापर्यंत बसून एकजीव होतो. वेगळ्या कंपनीची फिटिंग घेतली की कधी पाइप खडखडत तळापर्यंत जातो, कधी तोंडाशीच अडतो, आणि दोन्ही वेळा सांधा कच्चा राहतो. सोल्यूशनही त्याच कंपनीचे, सीपीव्हीसीचेच घ्यावे. गार पाण्याच्या यूपीव्हीसीचे उरलेले सोल्यूशन गरम लाइनला वापरलेले मी पाहिले आहे. तो सांधा गार पाण्यावर धरतो आणि गरम पाणी सुरू झाल्यावर सुटतो. डब्यातले सोल्यूशन दह्यासारखे घट्ट झाले असेल तर त्यात थिनर न घालता ते फेकून द्यावे.

उत्तर २ (बांधकाम पर्यवेक्षक, पुणे)

वरील अनुभवाशी मी पूर्णपणे सहमत आहे. काही आकडे मांडते, म्हणजे काकांना निर्णय घेणे सोपे जाईल.

गरम-गार पिण्याच्या पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपसाठी आयएस १५७७८ हे भारतीय मानक आहे. घरगुती कामात एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) ११ आणि एसडीआर १३.५ असे दोन प्रकार मिळतात. आकडा जितका लहान, तितकी पाइपची भिंत जाड. एसडीआर ११ चा पाइप साध्या तापमानाला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २८ किलो दाब सहन करतो, पण ८२ अंश सेल्सिअसला तो आकडा ७ किलोवर येतो. म्हणजे तापमानाने ताकद एक चतुर्थांश होते. गच्चीच्या टाकीपासून तळमजल्यापर्यंत उंची १० मीटर धरली तरी दाब जेमतेम एक किलो होतो, त्यामुळे केवळ दाबाने आपली लाइन फुटण्याची भीती नाही. खरा ताण येतो तो तापण्याचा आणि निवण्याचा, आणि गरम लाइनला एसडीआर ११ च घ्यावा असे मी म्हणते ते त्यासाठी. पुढेमागे प्रेशर पंप बसवणार असाल तर नळ झटकन बंद केल्यावर बसणारा पाण्याचा धक्काही हिशेबात धरावा लागतो.

तापण्याचा परिणाम किती असतो, ते पाहा. सीपीव्हीसी एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढते. आपल्या १४ मीटर लाइनचे पाणी सकाळी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले, तर लाइन ३३ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून थोडी जास्त लांब होऊ पाहते आणि रात्री पुन्हा आखडते. हे वर्षानुवर्षे रोज घडते. दोन्ही टोके सिमेंटने जखडलेली असतील आणि मध्ये वळण नसेल, तर ही सगळी ओढाताण शेवटच्या एल्बोवर येते. म्हणून गच्चीवरून खाली येणाऱ्या उभ्या लाइनला एखाद्या ठिकाणी एल्बोंनी आडवे वळण द्यावे, क्लॅम्प पाइपला चिमटणारे नसावेत, पाइपला आतल्या आत सरकता यावे. नळामागची ब्रास फिटिंग मात्र भिंतीत पक्की हवी, कारण ती हलली तर तिच्या मागचा सांधा पिळला जातो.

पीपीआरबद्दल विचारले आहे. तो पाइपही उत्तम असतो आणि त्याचा सांधा सोल्यूशनचा नसून वितळवून जोडलेला असल्यामुळे नीट केला तर अत्यंत भरवशाचा होतो. पण तो नीट करावा लागतो. मशीन २६० अंशांवर हवे, २० मिलिमीटरचा पाइप ५ सेकंद आणि २५ मिलिमीटरचा ७ सेकंदच तापवायचा असतो. जास्त तापवला की वितळलेला गोळा आत येऊन पाइपचे तोंड अर्धे बुजते, आणि हे बाहेरून मुळीच दिसत नाही. शिवाय पीपीआर सीपीव्हीसीच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतो. आपल्या प्लंबरचा हात सीपीव्हीसीवर बसलेला असेल, तर केवळ ऐकून पीपीआरकडे वळू नये, असे माझे मत आहे. कारागिराला ज्याची सवय आहे तो माल चांगल्या प्रतीचा आणून देणे अधिक सुरक्षित असते.

आणि फरशी लावण्याआधी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पाइपसाठी भिंतीत काढलेली एकही झिरी बुजवू देऊ नका. सगळ्या तोंडांना प्लग लावून हातपंपाने दाब चढवायचा आणि काटा खाली येतो का ते पाहायचे. सांधे जोडल्यावर किमान २४ तास जाऊ द्यावेत. नुसते टाकीचे पाणी सोडून 'गळत नाही' असे म्हणणे ही टेस्ट नव्हे, कारण त्यात एक किलोसुद्धा दाब नसतो. आम्ही साइटवर १० किलो दाब चढवून रात्रभर ठेवतो आणि झिऱ्यांचे फोटो टेप धरून काढून ठेवतो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सोलरविषयी एक शंका राहिली. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही आठ-दहा दिवस गावी जातो आणि परत आल्यावर पहिले पाणी अक्षरशः वाफाळत येते. ८२ अंशांचा आकडा वाचून काळजी वाटली. अशा वेळी सीपीव्हीसी टिकेल का?

उत्तर ३ (सोलर बसवणारा, नाशिक)

आपली काळजी योग्य आहे. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये उन्हाळ्यात पाणी न वापरता राहिले तर ते ९० अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे सोलरच्या गरम पाण्याच्या तोंडापासून पहिला एक-दीड मीटर आम्ही धातूचाच पाइप लावतो आणि तिथून पुढे ब्रास फिटिंगने सीपीव्हीसीला जोडतो. तिथे युनियन (खोलता येणारा जोड) अवश्य ठेवावी, म्हणजे पुढे टाकी उतरवायची वेळ आली तर लाइन कापावी लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट गार पाण्याच्या बाजूची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. सोलरला गार पाणी देणारा पाइप यूपीव्हीसीचा असतो, कारण गार पाण्याला तो चालतो. पण टाकी रिकामी झाली किंवा बाथरूममधला मिक्सर अर्धवट उघडा राहिला की सोलरमधले कढत पाणी उलटे त्याच पाइपात येते. यूपीव्हीसी ४५ अंशांपर्यंतच वापरायचा असतो. तो मऊ होऊन वाकलेला आणि सांध्यातून सुटलेला मी अनेक गच्च्यांवर पाहिला आहे. म्हणून सोलरच्या दोन्ही बाजू, गरम आणि गार, सीपीव्हीसी किंवा धातूच्याच असाव्यात आणि गार लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) असावा. मात्र सोलरच्या टाकीवरचा हवेचा उभा पाइप कधीही बंद करू नये. पाणी तापून फुगले की त्याला जायला तेवढीच वाट असते.

गच्चीवरचा सीपीव्हीसी उन्हात उघडा ठेवू नये. त्यावर इन्शुलेशनची नळी चढवावी. ते शक्य नसेल तिथे पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग द्यावा, तेलाचा रंग देऊ नये.

उत्तर ४ (इमारत सेवा अभियंता, जर्मनी, मूळ गाव सांगली)

वरच्या उत्तरातील 'धातूचा पाइप' याबद्दल एक सावधगिरी सुचवतो. घर जुने असल्यामुळे जीआयचा काही भाग तसाच ठेवावा, असा मोह होऊ शकतो. पाण्याच्या प्रवाहात तांब्याचा पाइप आधी आणि जीआय नंतर, असा क्रम कधीही ठेवू नये. तांब्याचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर वाहत जाऊन जस्तावर बसतात आणि तिथे जीआयला छिद्रे पडतात. जीआय आधी आणि तांबे नंतर, हा क्रम चालतो. इथे जर्मनीत नळाच्या पाण्याच्या कामात हा नियम शिकाऊ कारागिरालाही शिकवतात. शिवाय साधारण ६० अंशांपुढे जस्ताचे लोखंडाला मिळणारे संरक्षणही भरवशाचे राहत नाही, त्यामुळे गरम लाइनमध्ये जुना जीआय मुळीच ठेवू नये.

आणखी एक गोष्ट मी सांगलीच्या आमच्या घरी कटाक्षाने पाळली. आट्यांचा सांधा भिंतीच्या आत पुरला नाही. नळाचा सांधा हाताला येतो, म्हणून तो चालतो. पण भिंतीतच ब्रास मेल (बाहेर आटे असलेली) आणि ब्रास फिमेल (आत आटे असलेली) फिटिंग एकमेकांत बसवून लाइन पुढे नेलेली दिसली, तर ती त्याच वेळी बदलून घ्यावी.

उत्तर ५ (हार्डवेअर दुकानदार, सोलापूर)

दुकानात काय पाहावे हे विचारले आहे, म्हणून लिहितो. पाइपवर कंपनीचे नाव, माप, एसडीआर, आयएस १५७७८ आणि आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते दिसते. फिटिंगवर कंपनीचे नाव आणि माप साच्यातच उठवलेले असावे. नुसते स्टिकर असेल तर घेऊ नये. पितळाला लहानसे लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटले तर वरून मुलामा दिलेले लोखंड आहे. पितळाच्या आट्यांत बोट फिरवून धार लागते का आणि आटे शेवटपर्यंत पूर्ण आहेत का, तेही पाहावे. फिटिंग उजेडात धरून, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेवर उंचवटा किंवा बुडबुडा नाही ना, याची खात्री करावी.

मापांच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो आणि त्यातून मोठी गळती होते. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप बाहेरून २२.२ मिलिमीटर असतो आणि यूपीव्हीसीचा अर्धा इंची २१.३ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे काम अडले की यूपीव्हीसीचा पाइप सोल्यूशन भरपूर लावून सीपीव्हीसीच्या फिटिंगमध्ये कोंबला जातो. सोल्यूशन वाळले की आकसते आणि मधली फट मोकळी होते. अशी जोड द्यायचीच असेल तर दोन्हीकडे आट्यांची फिटिंग घेऊन द्यावी. पाइप पिवळसर आणि पांढरा, एवढ्यावर विसंबू नये, छापलेले वाचावे.

प्रश्नकर्ता

सर्वांच्या सल्ल्यानुसार काल प्लंबरला सोबत घेऊनच दुकानात गेलो. दोन्ही प्रकारचे ब्रास एल्बो काउंटरवरच्या काट्यावर ठेवले, आणि स्वस्त फिटिंगचे वजन दुसऱ्याच्या जेमतेम निम्म्यावर भरले, तेव्हा तोही काही बोलला नाही. पाइप, फिटिंग्ज आणि सोल्यूशन एकाच कंपनीचे घेतले, गरम लाइनसाठी एसडीआर ११. उभी लाइन एक इंची आणि बाथरूममधल्या फाट्यांना पाऊण इंची ठेवतो आहोत. सगळी १४ मीटर लाइन एक इंची केली असती, तर गरम पाणी येईपर्यंत दर वेळी सहा लिटर गार पाणी सोडून द्यावे लागले असते, असा हिशेब मुलीने करून दाखवला. सोलरचा गार पाण्याचा यूपीव्हीसी पाइपही याच कामात बदलायचा ठरला आहे. तो गच्चीवर जाऊन नीट पाहिला, तर टाकीजवळच्या वळणावर तो खरोखरच झोळीसारखा खाली आला होता, आणि इतकी वर्षे ते आमच्या लक्षात आले नव्हते.

प्रेशर टेस्टचा हातपंप शुक्रवारी भाड्याने मिळणार आहे. काटा रात्रभर टिकला की झिऱ्या बुजवायला घेऊ. तोवर फरशीवाल्याला थांबायला सांगितले आहे.